परत मागितलेला वानवळा

वानवळा म्हणजे काय, हे आमच्या सातारा-सांगलीकडं पूर्वी कुणाला सांगावं लागत नव्हतं. आता माझ्याच मुलांना सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगून टाकतो. शेतात काही नवं आलं, हुरडा असो, भुईमुगाच्या ओल्या शेंगा असोत, गुऱ्हाळावरचा ताजा गूळ असो, की त्यातलं थोडं नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी धाडायचं. तो वानवळा. भांडं परत येतं तेव्हा रिकामं येत नाही. निदान तळाला मूठभर दाणे तरी असतात. आणि एकदा दिलेला वानवळा परत मागायचा नसतो. हा शेवटचा नियम मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. दिलेलं मागायला जाईल असा माणूस आमच्या घराण्यात तोवर निपजलाच नव्हता.

सत्तरच्या दशकात तो निपजला. तेव्हा मी साताऱ्यात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. नवीन लग्न, भाड्याच्या दोन खोल्या. आई-वडील एकापाठोपाठ एक गेलेले. धाकटी बहीण कडेगावला दिलेली, तिचा नवरा फौजेत, कुठंतरी सरहद्दीवर. तिला माहेर म्हणून उरलो होतो ते मी, माझी बायको आणि उंब्रजची आमची एक आत्या. माहेर एवढंसं असलं की त्याचा रुबाब दाखवायची हौस फार असते, निदान मला होती.

दुष्काळ नुकताच सरला होता, पण गोडेतेल बाजारातून जे गायब झालं होतं ते परतलं नव्हतं. बाटलीभर तेलासाठी बायका सकाळपासून दुकानापुढं बसायच्या. अशा दिवसांत मी शेंगतेलाचा अख्खा डबा मिळवला. त्या दुकानदाराचा एक कागद आमच्या टेबलावरून गेला होता. मी त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त तो मागच्या दारानं या म्हणाला आणि मी गेलो. मागच्या दारानं घेतलेला तो डबा मी सायकलच्या कॅरियरला बांधून भर रस्त्यानं घरी आणला. आडगल्लीनं आणता आला असता. पण मग बघितला कुणी असता?

बायकोनं डबा फोडला, दोन छोट्या डब्यांत तेल काढलं. एक आत्याला, एक बहिणीला. बहिणीला दिवस गेले होते आणि महिन्याभरात तिच्या सासरी डोहाळजेवण ठरलं होतं. त्या तळणाला माहेरचं तेल असावं, असा माझा विचार. बायकोची समजूत होती की तिसरा डबा कोरेगावला, म्हणजे तिच्या माहेरी जाईल. मी म्हटलं, पुढच्या डब्यातून. त्या आठवड्यात मला भाजी जरा अळणीच मिळाली.

वानवळा नेहमी गावाकडून शहराकडं येतो. मी तो शहरातून गावाकडं नेला, आणि एसटीत मांडीवर डबे घेऊन असा बसलो की शेजारच्या माणसानं विचारावंच, काय आहे म्हणून. त्यानं विचारलं. मी सांगितलं. उंब्रजला आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कडेगावला बहिणीच्या सासूबाईंनी, त्यांना मी मावशी म्हणायचो, डबा दोन्ही हातांनी घेतला आणि देव्हाऱ्यापुढं ठेवला. बहीण दारामागून बघत होती. तिच्या तोंडावरचा आनंद मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो.

मग एका संध्याकाळी कचेरीतून येताना टांगा दिसला. टांग्यात भोंगा लावलेला आणि नगरपालिकेचा माणूस तेच तेच पुन्हा सांगत चाललेला. आमच्या बाजारातल्या अमुक बोळातून अलीकडं घेतलेलं गोडेतेल कुणी वापरू नये. त्यात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळल्याचा संशय आहे. पाय सुजले, धाप लागली तर दवाखान्यात जावं. उरलेलं तेल पालिकेत आणून द्यावं.

बोळ तोच. मी सायकलवरून उतरलो, पूर्ण ऐकलं, आणि शांतपणे परत सायकलवर बसलो. घरी पोचेपर्यंत मी स्वतःची अशी समजूत घातली होती की ही सूचना रांगेत उभं राहून तेल घेतलेल्यांसाठी आहे. आपला डबा मागच्या दारातला. ओळखीच्या माणसाला कुणी भेसळीचं देतं का? आज हे लिहिताना हसू येतं, पण त्या संध्याकाळी मला ते पटलं होतं. पटायला हवं होतं, म्हणून पटलं होतं. रात्रीच्या जेवणात वांग्याचं भरीत होतं, वर कच्चं तेल. मी खाल्लं, बायकोनं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं पिठाच्या गिरणीत तीच गोष्ट ऐकली. मी घरी आलो तेव्हा चूल थंड होती आणि ती डब्यासमोर बसली होती.

"आपला डबा कुठल्या दुकानातला?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"तुमी भोंगा ऐकला न्हाई?"

"ऐकला."

"कवा?"

"काल," मी म्हटलं.

तिनं डबा भिंतीकडं सरकवला. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "बरं झालं माझ्या माहेरी धाडायचं तुमास्नी सुचलं न्हाई." मग तिनं साडीचा काठ घोट्यावर ओढला आणि नडगीवर अंगठा दाबून बघितला. मीही पायजमा वर केला. सूज असली तर दाबलेल्या जागी खळगा तसाच राहतो, असं गिरणीतल्या बायकांनी तिला सांगितलं होतं. आम्ही दोघं जमिनीवर बसून आपापल्या नडग्या दाबत होतो. खळगा राहतोय असंही वाटे आणि नाही असंही वाटे. मग एकदम दोघांच्याही मनात एकच आलं. बहिणीला दिवस गेलेत, आणि रविवारी तिचं डोहाळजेवण आहे.

ठरलं ते असं: शनिवारी पहिल्या गाडीनं मी निघायचं आणि दोन्ही डबे परत आणायचे. बायकोनं उरलेलं तेल पालिकेत नेऊन द्यायचं आणि रविवारी ओटीचं साहित्य घेऊन कडेगावला यायचं. निघताना तिनं मला बजावलं, जे आहे ते सरळ सांगा. मी होय म्हटलं. माझ्या होय म्हणण्याची तिला एव्हाना कल्पना आली होती, म्हणून तिनं ते पुन्हा सांगितलं.

उंब्रजला आत्याला मी सरळच सांगितलं. आपली आत्या, तिथं काय लपवायचं. तर आत्या आधी चिडली. "वानवळा मागाय आलायस व्हय रं? तुझ्या बापानं कवा असं केलं न्हवतं." मग धोत्र्याचं ऐकून घाबरली. मग सांगायला लागली की तेल तिच्याकडं उरलंय ते वाटीभर. थोडं शेजारणीला वानवळा म्हणून दिलं, शेजारणीनं त्यातलं तिच्या नणंदेला दिलं, आणि नणंदेनं ते लिंबाच्या लोणच्यात घातलं. मी आत्याबरोबर घरोघरी फिरलो. प्रत्येक घरी चहा झाला. लोणच्याची बरणी आम्ही उंबऱ्यावर आणवली तेव्हा ती बाई बरणीला पोटाशी धरून उभी राहिली, आणि शेवटी आत्यानं तिला बदल्यात आपल्या घरची बरणी द्यायचं कबूल केल्यावर तिनं ती सोडली. हे सगळं आम्ही ओढ्याकाठी पुरलं. आत्यानं माझा डबा घासूनपुसून दिला, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात शेंगदाणे भरले.

गाडीची वाट बघताना आत्यानं मला रस्त्याच्या कडेला घेतलं. म्हणाली, कडेगावात हे असलं काही बोलू नकोस. पोरीच्या माहेरचं तेल वंगाळ निघालं, हे एकदा भावकीत गेलं की पोरीला म्हातारी होईस्तवर ऐकावं लागेल. आई न्हाई, बाप न्हाई, आन भावानं धाडलं काय, तर धोत्रा. मी विचारलं, मग सांगू काय? आत्या म्हणाली, देवाचं तेल होतं म्हण. कुलदेवाच्या नंदादीपासाठी बाजूला काढलेलं, चुकून तुमच्याकडं आलं, देवाचं देवाला गेलं पाहिजे. कोण नाही म्हणेल?

कऱ्हाडपर्यंत आणि कऱ्हाडहून पुढं मी हे वाक्य मनात घोळवत होतो. मला ते फार आवडलं होतं. त्यात कुणाचा दोष नव्हता, आणि मुख्य म्हणजे माझा नव्हता.

कडेगावच्या घरात पाऊल टाकलं तर पडवीत भावकीतल्या बायका गोलात बसून करंज्या लाटत होत्या. उद्याच्या डोहाळजेवणाची तयारी. बहीण पाणी घेऊन आली. मी तिच्या तोंडाकडं बघायच्या आधी पायांकडं बघितलं. पाय फुगले होते. बोटांत जोडवी नव्हती. नुसते पांढरे वळ होते.

"जोडवी कुठायत?" मी विचारलं.

रुतायला लागली म्हणून आठ दिवसांपूर्वी साबण लावून काढली, असं ती हसत म्हणाली. अशा दिवसांत पाय सुजतातच, सासूबाईंचेही सुजले होते म्हणे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मी आणलेल्या तेलाचं काय केलं? ती म्हणाली, घरातले सगळे घाण्याचं करडईचं तेल खातात. तू आणलेलं तेल सासूबाई कुणाला हात लावू देत नाहीत. ते फक्त मला. रोज भाकरीवर चटणी आणि त्यावर तुझं तेल, स्वतःच्या हातानं वाढतात, माहेरचं आहे, खा म्हणतात.

मी पाणी प्यायलो. तांब्या खाली ठेवायला मला जमिनीचा अंदाज येईना.

खरं सांगायची वेळ ती होती. तिथंच, पाणी पिऊन झाल्याझाल्या. पण पडवीतल्या बायका लाटणी थांबवून माझ्याकडं बघत होत्या. मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या. आणि माझ्याकडं ते तयार केलेलं वाक्य होतं. मी ते म्हटलं. नंदादीपाचं तेल, चुकून आलं, उरलेलं परत न्यायला आलोय. वर, चूक झाली असं हात जोडून म्हटलं, आणि ते हात जोडणं खरं होतं.

मावशींनी ऐकून घेतलं. मग देव्हाऱ्याकडं वळून हात जोडले आणि म्हणाल्या, "देवाचं तेल चुकून येत नसतं, पाव्हणं. पोरीच्या पोटातल्यापायी आलं म्हणायचं." आणि बायकांकडं वळून सांगितलं, की घरचं तेल ठेवा बाजूला. करंज्या ह्याच तेलात तळू. समद्या सवाशणींच्या तोंडात देवाचं जाऊ दे.

बायकांना ते फार पसंत पडलं. एकीनं तर त्या तेलाचं बोट कपाळाला लावलं. मी म्हटलं, देवाचं देवाला गेलं पाहिजे. मावशी म्हणाल्या, त्यालाच जातंय. मी म्हटलं, घरी बायको रागावेल. त्यावर सगळ्या हसल्या आणि एक म्हणाली, पाव्हणं लय भितं बायकूला. मला बाहेरच्या सोप्यात सतरंजीवर बसवलं. आतून कढई चुलीवर चढल्याचा आवाज आला. आत जाऊन डबा पायानं लवंडावा असं मनात आलं, पण पाहुण्या पुरुषाला तिथं चुलीपाशी कोण जाऊ देतं? मी दोनदा उठलो. दोनदा मला कुणीतरी विचारलं, पाणी पायजे काय? आणि मी दोनदा पाणी प्यायलो. एरवी कुणाच्या लग्नात जेवण बिघडलं तरी तक्रार करणारा मी, माझ्या बहिणीसाठी तळल्या जाणाऱ्या विषापुढं तांब्या धरून बसलो होतो. विष होतं की नव्हतं, तेही मला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नसण्याचाच मी आधार घेत होतो.

पहिला घाणा उतरला. बहीण ताटलीत गरम करंज्या घेऊन आली. पहिली माहेरच्या माणसाला. मग मागून मावशींचा आवाज आला, तूही घे गं एक, गरम हाय तवर. बहिणीनं करंजी उचलली.

मी तिचं मनगट धरलं.

"खाऊ नकोस," मी म्हटलं. "ते तेल खराब आहे."

तिला काही कळेना. पण मावशी दारातच होत्या. त्यांनी ऐकलं. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मागं बायका होत्या त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाव्हणं, जरा गोठ्याकडं या. नवी म्हस दावायची ऱ्हायली तुमास्नी." आपल्या मागं कुणीतरी खायला सुरुवात करेल म्हणून जाताना एका बाईला बजावलं, मी आल्याबिगर कुणी तोंडात घालू नगा, निवद दाखवायचा हाय.

गोठ्यात म्हैस होती, नवी नव्हती. मी सगळं सांगितलं. भोंगा, धोत्रा, मागचं दार, एक दिवस गप्प राहिलो तेही. मावशी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं आता सुरू होईल. आत्यानं सांगितलं होतं ते सगळं माझ्या कानात तयार होतं.

त्या म्हणाल्या, "मीच वाढत व्हते रोज."

मी गव्हाणीतली वैरण उगीच सारखी करू लागलो.

"माहेरचं हाय, खा म्हणत व्हते. नगं म्हणली तरी वाढत व्हते." मग त्यांनी विचारलं, "देवाचं कशाला सांगितलंसा?"

मी म्हटलं, पोरीला ऐकून घ्यावं लागेल म्हणून. आमची लाज जाईल म्हणून.

"देवाचं म्हणला नसता तर म्या आज घरच्याच तेलात तळलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. एवढं बोलून त्या घराकडं चालू लागल्या आणि मी त्यांच्या मागून, चुकलेल्या वासरासारखा.

पडवीत जाऊन त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की बायांनो, थांबा, कढईत पाल पडली होती. मी बघितलं होतं, पण पाव्हण्यांसमोर बोलायला जीभ उचलेना. ते तेल टाकायचं, करंज्या टाकायच्या, डब्यातलं उरलेलंही टाकायचं, मी त्याच पळीनं काढत होते.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. आमच्याकडं ज्या बाईच्या कढईत पाल पडते तिच्याविषयी काय बोललं जातं हे मी सांगायला नको. आणि या बाईच्या चुलीचा, भांड्यांचा, तिच्या पाणी गाळून घेण्याचा सगळ्या आळीला धाक होता. दुसऱ्यांच्या घरची ताकाची वाटी ती हुंगून बघत असे, हे बायकांना पाठ होतं. आज त्यांना फेडायला मिळालं. मावशींची एक जाऊबाई म्हणाली, डोळं उतरलं म्हणायचं आता. दुसरी म्हणाली, देवाचंच तेल ते, देवाला न्हाई आवडलं काहीतरी. मावशींनी उकिरड्यापलीकडं खड्डा काढून घेतला, कुत्री-कोंबडी उकरणार नाहीत इतका खोल, आणि करंज्या स्वतः त्यात ओतल्या. मग कढई राखेनं घासली, परत घासली, घरचं तेल चढवलं आणि पुन्हा पहिल्यापासून कणीक मळायला बसल्या. मी सोप्यात होतो. आता मला पाणी कुणी विचारलं नाही.

बहिणीला काय ते एव्हाना कळलं होतं. रविवारचं डोहाळजेवण झालं, हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, सगळं. माझ्या बायकोनं ओटी भरली. तिला मी आदल्या दिवसाचं सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली आणि मावशींच्या हाताखाली भांडी घासू लागली. सोमवारी आम्ही बहिणीला कऱ्हाडच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पाय दाबले, छाती तपासली, झोपल्यावर दम लागतो का विचारलं. म्हणाले, या दिवसांत सूज येते, तेलानंही येते. कशाची हे असं बघून सांगता येणार नाही. तेल बंद करा, मीठ कमी करा, आणि लक्ष ठेवा.

तिला आम्ही बाळंतपणाला लवकरच साताऱ्याला आणली. लक्ष ठेवण्याचं काम मी अंगावर घेतलं. कचेरीतून आलो की आधी तिच्या नडगीवर अंगठा. खळगा किती वेळ राहतो ते बघायचं. ती म्हणायची, दादा, पोराला तुझ्या अंगठ्याचा ठसा घेऊनच यावं लागेल. बायको म्हणायची, आधी हा अंगठा भोंगा ऐकताना सायकलच्या घंटीवर होता. दोघी हसायच्या. मीही हसायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबायचो. ती जिना चढून आली की मी तिचा श्वास ऐकत उभा राहायचो. घरात काहीही आलं, पीठ, डाळ, हळद, की मी ते वर्तमानपत्रावर पसरून बघायचो. कुठं भेसळ सापडली अशी बातमी आली की कातरून ठेवायचो. सगळ्या आळीत माझी चेष्टा व्हायची, आणि पुढं मुलांच्या काळातही झाली. आमच्या घरात नव्या पाकिटाचा पहिला घास अजून मीच खातो, त्यामागं शौर्य असतं असा कुणी समज करून घेऊ नये.

पालिकेत दिलेल्या आमच्या तेलाचं पुढं काय निघालं, हे मी विचारायला गेलो नाही. कचेरीच्या वाटेवरच ती इमारत होती. रोज तिच्यासमोरून जायचो. आत गेलो असतो तर कुणीतरी दप्तर काढून सांगितलं असतं. तेल चांगलं होतं असं निघालं असतं तर मावशींनी उगीच अब्रू घालवली असं झालं असतं, आणि वाईट निघालं असतं तर काय झालं असतं ते मला ऐकायचं नव्हतं. दुकानदाराच्या दारावरूनही मी पुन्हा गेलो नाही, पुढच्याही आणि मागच्याही.

मुलगी झाली. धडधाकट, आणि रडायला अशी की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. सूज काही दिवसांत उतरली. डॉक्टर म्हणाले, उतरली हे चांगलं, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही.

बारशाला कडेगावहून मावशी आल्या, बरोबर भावकीतल्या तीन-चार बायका. आमच्या दोन खोल्यांत पंगत म्हणजे पाट एकमेकांना लागून. माझ्या बायकोनं सगळा स्वयंपाक केला होता, भज्यांसह, आणि मी वाढायला होतो. भजी वाढत मी, डोळं उतरलं म्हणणाऱ्या त्या जाऊबाईंपर्यंत आलो. तिनं भजं उचललं, उजेडात धरून बघितलं आणि मावशींकडं न बघता मावशींना ऐकू जाईल असं म्हणाली, "हितं बिनघोर खावं बघा बायांनो. ह्यांच्या कढईत पाल पडत न्हाई."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाळ बहिणीच्या मांडीवर होतं. बहिणीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. आतल्या दारात बायको झारा घेऊन थांबली. मी हातातलं ताट खाली ठेवलं. आता बोलायचं, असं ठरलंच होतं माझं. ती पाल नव्हती, ते माझं तेल होतं, एवढी दोनच वाक्यं होती आणि ती मी महिनोन् महिने म्हणून ठेवली होती.

मी तोंड उघडलं आणि मावशी म्हणाल्या, "पाव्हणं, भात आणा."

त्या माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी नजर बहिणीकडं नेली, तिच्या मांडीवरच्या पोरीकडं नेली, आणि परत माझ्याकडं आणली. "जावा की," त्या म्हणाल्या. "गार व्हतोय."

मी आत गेलो. बायकोनं भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं. बाहेर येऊन मी आधी मावशींना वाढला. त्यांच्या पानात भजं तसंच होतं. त्यांनी ते उचललं, हुंगलं नाही, उजेडात धरलं नाही, भाताबरोबर खाल्लं, आणि त्या जाऊबाईला विचारलं, तुला वाढू का आणखी.